दोन बोटं कमी

त्या शनिवारी माझ्या यादीत चार कामं होती. आईचा नवा चष्मा आणायचा, नवऱ्याच्या घड्याळात सेल घालायचा, इस्त्री दुरुस्तीला टाकायची आणि आई-बाबांच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटाला काच कापून आणायची. पाचवं काम मी लिहिलं नव्हतं, कारण यादी त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेली असते आणि बाबा ती रोज सकाळी उभ्याउभ्या वाचतात. पाचवं काम म्हणजे खुद्द बाबांनाच फाउंड्रीत घेऊन जायचं.

फाउंड्री आता फाउंड्री राहिलेली नाही. वीस वर्षांपूर्वी ती बंद पडली, मग बरीच वर्षं तिथे गवताचं आणि कुत्र्यांचं राज्य होतं, आणि सहा वर्षांपूर्वी तो सगळा भाग झाडून-पुसून नवा केला. कालव्याच्या काठाने लाकडी फळ्यांची वाट केली, जुन्या शेडमध्ये दुकानं आली, चिमणी तशीच ठेवून तिच्या पायाशी बाकं टाकली. अख्खं शहर बघून आलं. आमच्या गल्लीत न बघितलेली माणसं दोनच उरली होती, बाबा आणि बाबांमुळे आई. कुणी विषय काढला की बाबा म्हणायचे, "बघू की. पळून थोडीच जातेय," आणि पेपर उघडायचे.

बाबा तिथे सदतीस वर्षं पॅटर्न खात्यात होते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. तो लाकडी नमुना करणं हे बाबांचं काम. आता गंमत अशी, की बीड थंड होताना आकसतं. शंभराला एक, हा बाबांचा हिशोब. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण आकडेमोड करत बसणार, म्हणून त्यांच्याकडे एक खास लाकडी पट्टी असे. दिसायला चारचौघींसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर मोठा. फाउंड्रीत तिला वाढीची पट्टी म्हणत. आई तिला लबाड पट्टी म्हणते. ती रोज त्यांच्या पिशवीतून घरी येई, म्हणून घरातल्या साध्या पट्टीपासून वेगळी ओळखू यावी यासाठी तिच्या टोकाच्या भोकात लाल दोरा बांधलेला असायचा.

बाबांचा स्वभावही तसाच, सगळ्यात थोडं वाढीव धरणारा. माझे शाळेचे फ्रॉक नेहमी दोन बोटं मोठे. दहाची गाडी असली की आम्ही नवाला फलाटावर. कुठल्याही लाकडी वस्तूवर ते आधी हात फिरवणार आणि सांधा बोटाला लागला तर त्यांचं तोंड कडू होणार. माझ्या नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे गप्पा मारत बसले होते आणि हे गृहस्थ उठून दाराच्या चौकटीचे कोपरे चाचपत होते. घरी आल्यावर म्हणाले, "माणसं चांगली आहेत. सांधे घट्ट आहेत."

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गरम असताना माप घेऊ नये." मी आदळआपट करणारी, आईच्या वळणावर गेलेली. मी दार आपटलं की आई तिथल्या तिथे माझा उद्धार करायची, बाबा मात्र ते वाक्य म्हणून गप्प बसायचे. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतंय!

एवढ्या मापाच्या माणसाच्या हातून एकदा चूक झाली होती. फाउंड्रीच्याच आवारात माल चढवायच्या ओट्यावर छप्पर घालायचं होतं. त्यासाठी बिडाचे सोळा खांब, प्रत्येकी तीन मीटर. नमुना बाबांनी केला. काम घाईचं होतं, आठवड्यात सोळाच्या सोळा ओतून झाले. उभे करायला घेतले तर छपराला पोचेनात. प्रत्येक खांब दोन बोटं कमी. बाबांनी वाढीच्या पट्टीऐवजी साध्या पट्टीने नमुना केला होता. सोळा खांब मोडीत काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून प्रत्येकाखाली दोन बोटं जाडीची लोखंडी चकती सरकवली आणि छप्पर चढवलं. बाबा त्या वर्षी खात्याचे मिस्त्री होणार होते. ते राहिलं ते राहिलंच. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, नऊ वर्षांनी लहान माणूस मिस्त्री झाला आणि बाबांनी पुढची तेवीस वर्षं त्याच्या हाताखाली काढली. रोज जाता-येता त्या सोळा खांबांवरून.

याबद्दल मी बाबांना एकदा फार वाईट बोलले आहे. कॉलेजात होते. रस्त्यात ते मिस्त्री भेटले आणि त्यांनी बाबांना रविवारी कामावर यायला सांगितलं. "हो साहेब," असं बाबा म्हणाले. स्वतःच्या शिष्याला! घरी आल्यावर माझा तोल गेला. मी म्हणाले, "हातात कुठली पट्टी आहे एवढंसुद्धा बघता आलं नाही तुम्हाला? आंधळ्यालाही कळलं असतं!" बाबा बूट काढत होते. "चुकलं खरं," म्हणाले आणि दुसरा बूट काढला.

नवल आईचं. तिने बाबांना गेल्या पन्नास वर्षांत झाकण नीट न लावण्यापासून घोरण्यापर्यंत सगळ्यावरून टोमणे मारले, पण या खांबांचा उल्लेख तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मला वाटायचं, असेल बिचारीला दया.

तर यंदा आईनेच हट्ट धरला. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. "त्याआधी माझ्या पायांनी मला ते बघायचंय," ती मला हळूच म्हणाली. "नंतर गुडघे त्या डॉक्टरचे असतील." मी शोधाशोध केली तर कळलं, की आपला जुना काचवाला आता नेमका फाउंड्रीच्या फाटकाला लागून दुकान थाटून बसलाय. आणि काच तर हवीच होती. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या आमच्या घरातून खाली येऊन मी आईशी भांडले होते आणि जाताना कपाटाचं दार आपटलं होतं. पन्नाशीची झालेय मी, सांगायला लाज वाटते.

शनिवारी सकाळी मी कपाटाचं माप घ्यायला लागले. बाबा खुर्चीतून म्हणाले, "मला विचार. ते कपाट मी केलंय."

"मोजता येतं मला," मी म्हणाले. खणातून एक लाकडी पट्टी काढली आणि मोजलं. शंभर बाय पन्नास. "बघा, कसं बरोब्बर शंभर बाय पन्नास!" बाबांचं लक्ष तोवर बुटांच्या नाड्यांकडे गेलं होतं. निघायला अजून पाऊण तास होता.

चष्मा मिळाला. आईने तो लावून आधी बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, एवढे म्हातारे झालात?" घड्याळात सेल पडला. इस्त्रीवाल्याचं दुकान मात्र बंद होतं, त्यामुळे इस्त्री नवऱ्याच्या हातात राहिली ती शेवटपर्यंत. माझा नवरा विजेचे मीटर तपासतो. स्वभावाने अगदी शांत. इस्त्री घेऊन दिवसभर हिंडायला लागलं तरी तक्रार नाही, अधूनमधून हात बदलायचा एवढंच.

काचवाल्याने माप लिहून घेतलं आणि म्हणाला, "तास लागेल. तोवर आत फिरून या ना, छान केलंय सगळं."

मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद दिले. बाबा म्हणाले, "मी इथेच बसतो. तुम्ही या जाऊन."

"इथे कुठे बसताय? स्टूलसुद्धा नाही," आई म्हणाली.

"उभा राहतो."

फाटक समोरच होतं. तेच जुनं फाटक, फक्त आता उघडंच. बाबा त्याच्याकडे पाठ करून काचेचे तुकडे बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने इस्त्री माझ्या कोपराला लावली, म्हणजे गप्प बस. आई बाबांच्या जवळ गेली.

"कशाला भिताय?"

"माझे सोळा जण उभे आहेत तिथे," बाबा म्हणाले. "काढले असतील तर वाईट वाटेल. ठेवले असतील तर त्याहून वाईट वाटेल. लोक खाली वाकून बघत असतील, कुणी हे ठिगळ लावलं म्हणून."

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "माझ्या गुडघ्यांत वंगण उरलं नाही. आत पडले तर हे जावईबापू इस्त्री सांभाळतील का मला? हात द्या."

बाबांनी हात दिला. आईला हात देणं त्यांना आजवर कधी नाकारता आलेलं नाही, आणि आईला ते चांगलं ठाऊक आहे.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं बाबा गुपचूप चालले. मग हळूहळू त्यांना कंठ फुटला. कालव्याशी थांबून म्हणाले, "पाण्याचा तळ दिसतोय! आमच्या वेळी यात हात घातला तर हात दिसत नव्हता." लाकडी वाटेवर बुटाची टाच आपटून म्हणाले, "फळी बरी आहे, खिळे महाग वापरलेत, पण फटी सारख्या नाहीत." कामावरून सुटल्यावर दीडशे माणसं एका वेळी हात धुवायची तो लांबलचक दगडी हौद होता, त्यात आता फुलझाडं लावली होती. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. "काळं पाणी पिऊन माती चांगली झाली असेल," म्हणाले.

पॅटर्न खात्याचं कॉफीचं दुकान झालं होतं. वरच्या खिडक्या तशाच, उत्तरेच्या उजेडाच्या. बाबा टेबलांमधून वाट काढत तिसऱ्या खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "इथे माझं बाक होतं." तिथे दोन मुली बसल्या होत्या. म्हातारा आपल्याकडे बघतोय म्हणून त्यांनी पर्स जवळ ओढल्या. आई म्हणाली, "घाबरू नका गं, ते तुम्हाला नाही, टेबलाला बघतायत." खरंच, बाबांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, सांधा तपासला आणि कडू तोंड करून माघारी आले. कॉफी मात्र त्यांना आवडली. आईला ती महाग वाटली, पण ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मग उरला तो ओटा. शेडला वळसा घालून गेलं की लागतो, मी लहानपणी जेवणाचा डबा द्यायला यायचे तो रस्ता. बाबांची चाल मंदावली. आईने त्यांचा हात घट्ट धरला. आता कोण कुणाला सांभाळत होतं, सांगता आलं नसतं.

खांब होते. सोळाच्या सोळा. काळा रंग दिलेले, वर फांद्यांसारखे फाकलेले, बुडाशी नक्षीचे दोन वेढे आणि त्या वेढ्यांखाली ती चकती. मी लहानपणी हजार वेळा बघितले असतील, पण सुंदर आहेत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर आता पुस्तकांची आणि कुंड्यांची दुकानं होती.

बाबांनी पहिल्या खांबावर तळहात टेकवला. लगेच एक पहारेकरी लगबगीने आला. "आजोबा, हात लावू नका. जुना ठेवा आहे."

"अहो, त्यांनीच केलाय तो!" आई म्हणाली.

पहारेकऱ्याने बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सगळे असंच म्हणतात, आजी. परवा एक जण चिमणी मी बांधली म्हणत होता. पंचविशीचा होता."

आई त्याचं माप काढणार होती, पण तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली. तो शेवटच्या खांबाशी लावलेला माहितीचा फलक वाचत होता. "बाबा, इकडे या. हे वाचा."

फलकावर लिहिलं होतं, "खांबांच्या तळाशी असलेल्या जाड चकत्या ही येथील कारागिरांची खास शैली. खांब जमिनीवर न टेकता किंचित उचललेला, हलका दिसावा, हा त्यामागचा विचार. या शैलीचा सन्मान म्हणून परिसरातील नवे दिवे, बाकं आणि कुंड्या यांनाही तशीच बैठक दिली आहे."

आम्ही चौघांनी एकदम मान वळवली. दिव्याच्या खांबाखाली चकती. बाकाच्या चारही पायांखाली चकत्या. कुंड्यांखाली चकत्या. पुस्तकवाल्याच्या टेबलाखालीसुद्धा. आलो त्या वाटेवर पन्नास तरी दिवे असतील, सगळे दोन बोटं उचललेले, आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं.

बाबांनी फलक पुन्हा वाचला. ओठ हलवत, प्रत्येक शब्द. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी पुढे झाले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खांबाला धरून. "हलका दिसावा!" ते म्हणत होते. "अगं, ऐकलंस का? हलका दिसावा म्हणून! आणि साहेबांनी मला केबिनमध्ये उभं करून एक तास..." पुढचं त्यांना बोलवेना. पहारेकरी काळजीत पडून पाणी घेऊन आला. आईने नवा चष्मा काढून पदराने पुसला, बाबांचे डोळेही त्याच पदराने पुसले आणि म्हणाली, "बघा, उगाच सहा वर्षं घरात बसवलंत मला."

परतताना बाबा पुढे आणि आम्ही मागे. ते दिसेल त्या चकतीकडे बोट दाखवून हसत होते. मी तर तरंगत होते. यादीतलं पाचवं काम फत्ते झालं होतं आणि त्याचं सगळं श्रेय मला घ्यायचं होतं.

काचवाल्याने काच कागदात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबांनी सवयीने कागद बाजूला केला, काचेच्या कडेवर वीत टाकली. एक, दोन, तीन, चार, आणि वर चार बोटं आडवी धरली.

"लहान आहे," म्हणाले.

"बाबा, मी स्वतः मोजलंय."

"एकशे एक लागते त्या दाराला. ही शंभर आहे."

"शंभरच आहे!" झालं, माझा आवाज चढला. "आणि मी काही फुटकी पट्टी नव्हती घेतली. तुमच्याच खणातली होती. तुमचीच!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "कुठली? कडा गोल झालेली?"

"हो."

"दोरा नव्हता तिला?"

"कसला दोरा?"

"कुजून पडला असेल." ते पुन्हा हसायला लागले, मघाचंच हसू, अजून पुरतं विरलं नव्हतं. "म्हणजे कपाट वाढीच्या पट्टीनं मोजलंस आणि काच याने साध्या मापाने कापली. ठमे, ठमे! पुन्हा?"

"अहो!" आई इतक्या जोरात म्हणाली की काचवाला दचकला.

बाबांचं हसू थांबलं.

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

नवऱ्याने इस्त्री या हातातून त्या हातात घेतली. बाबा काचवाल्याला म्हणाले, "असू दे, आम्ही हीच नेतो. बारीक पट्ट्या मारून बसवेन मी."

"बाबा, पुन्हा म्हणजे काय? आई?"

आईने आधी बाबांकडे बघितलं. बाबा कागद नीट करत राहिले. मग ती म्हणाली, "आता तोंडातून निघालंच आहे यांच्या. तू दुसरीत होतीस. शाळेत चित्र काढायला लांब पट्टी हवी होती तुला."

तिने एवढंच म्हटलं आणि मला सगळं दिसलं. वर्गात सगळ्यांकडे वीतभर पट्ट्या आणि माझ्याकडे ही लांबलचक, बाबांची. मी तिच्यावर भलतीच खूष होते. साधी पट्टी मी आणली नव्हती, मला फाउंड्रीतलीच हवी होती, खरी. आणि बाबांना कळू नये म्हणून मी रात्रभर डोकं चालवलं होतं. सकाळी लवकर उठून लाल दोरा सोडला होता. दातांनी. गाठ फार घट्ट होती. तो घरातल्या साध्या पट्टीला बांधला होता आणि ती पट्टी बाबांच्या पिशवीत ठेवली होती. दोन-तीन दिवसांनी परत जिथल्या तिथे. कुणी रागावलं नाही म्हणून मला वाटलं होतं, कुणाला कळलंच नाही. मी तर ती गोष्ट मैत्रिणींना हुशारी म्हणून सांगत आले होते.

"तपासणाऱ्यानेही दोरा बघून यांचीच पट्टी घेतली हातात," आई म्हणाली. "मग काय, माप जुळणारच. खांब कमी भरले तेव्हा यांना दोऱ्यावर तुझ्या दातांच्या खुणा दिसल्या."

मला कॉलेजातली ती संध्याकाळ आठवली. आंधळ्यालाही कळलं असतं, असं मी म्हणाले होते. आणि बाबा वाकून बूट काढत होते. काचवाल्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांदेखत मला रडू फुटलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला?"

"साहेबांना. मिस्त्रीपद गेलं तुमचं! तेवीस वर्षं..."

"काय सांगू साहेबांना? माझ्या सात वर्षांच्या पोरीनं दोरा बदलला?" बाबा म्हणाले. "आणि चूक माझीच की गं. आकडे बघून मोजायचं असतं. मी दोरा बघून मोजलं."

"मला तरी सांगायचं! मी तुम्हाला काय काय बोलले. तेव्हा तरी सांगायचं होतं."

बाबांनी काच काखेत घेतली, तोल बघितला. "तेव्हा तू गरम होतीस," म्हणाले. "आणि नंतर मोजलं तर काही भरेना. एक मिस्त्रीपद एका बाजूला आणि एक पोर दाताने गाठ सोडतेय, ते एका बाजूला. तुझा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला होता. मला वाटलं, त्या गाठीनंच पाडला की काय. मीच तेवढी घट्ट मारली होती."

आई म्हणाली, "चला आता. काचवाल्याला दुकान चालवायचंय. आणि जावईबापू, ती इस्त्री द्या माझ्याकडे, दंड दुखला असेल तुमचा." नवरा म्हणाला, "नको आई, आता सवय झाली."

घरी आल्यावर बाबांनी काच कपाटाच्या दारात धरली. वर एक सेंटिमीटर आणि बाजूला अर्धा, एवढा उजेड दिसत होता. त्यांनी लाकडाच्या दोन बारीक पट्ट्या तासल्या, खालून आणि बाजूने बसवल्या आणि काच त्यात नीट बसली. मी शेजारी बसून त्यांना खिळे देत होते. पट्ट्यांचा रंग दारापेक्षा फिका होता. "रंग लावू का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नको. दिसू दे."

"शैली आहे आमची," बाबा म्हणाले.

मग मी उठून आईच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला. खणातून दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला फरक ओळखता येत होता, एक सहा मिलिमीटर लांब होती, आता ते स्वच्छ दिसत होतं. तरी मी दोरा हातात धरून बाबांना विचारलं, "कुठल्या पट्टीला बांधू?"

त्यांनी बोटाने दाखवलं. मी गाठ मारली. बाबा बघत होते.

"एवढी घट्ट नको," ते म्हणाले.